आपले सण बंद, चीनचे चालू

तुमच्या तेरवीला चार दिवस बाकी होते तेव्हा मी दुकानाचं शटर उघडलं. भावजींची आतापर्यंत ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना सांगून झाली आहे, म्हणून तुम्हालाही सांगून टाकते. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

सकाळी दहाची वेळ होती. घरात पाहुणे होते, आई मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी चहाचे कप विसळत होते आणि एकदम आठवलं, आज कोणती तारीख आहे ते. घरातून दुकानात जाणारं दार लोटून मी भिंतीवरचं तुमचं चीनचं कॅलेंडर पाहिलं. तुमच्या हातचा लाल गोल तीन दिवसांवर आला होता. खाली तुम्ही लिहून ठेवलं होतं, ‘लिनची फॅक्टरी बंद. आधी मागवणे.’ तुम्ही काही मागवलं नव्हतं. मागवायला तुम्ही राहिलाच नाहीत.

आत अंधार होता आणि फोनला नेटवर्क मिळेना, म्हणून शटर अर्ध्यावर सरकवलं आणि दाराशी स्टूल घेऊन चीनमधून पार्ट पाठवणाऱ्या लिनला मेसेज करायला बसले. किती व्हॉल्व्ह, मशीनची किती सर्किट कार्डं, सगळं तुमच्या वहीत पाहून लिहिलं. शटरचा आवाज ऐकून भावजी आले, मागे आई.

“काऊन उघडलं वहिनी? लोकं पाहून राहिले,” भावजी म्हणाले.

“तीन दिवसांत चीन बंद होते. मंग महिनाभर काही भेटत नाई. मिला चालू हायत.”

“चीन बंद होते म्हनून सुतकात दुकान उघडाचं का वो?” आई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मेसेज पूर्ण केला, पाठवला, मगच शटर खाली ओढलं. रडायला मला वेळ होता, पुढचं सगळं आयुष्य होतं. लिनकडे तीनच दिवस होते.

कोणी म्हणेल, काय ते व्हॉल्व्ह. आपल्या गोंदियातल्या तांदळाच्या मिलांत सॉर्टर मशीन असतं, त्यात तांदूळ कॅमेऱ्यापुढून धारेनं पडतो, काळा-पिवळा दाणा दिसला की बारीक व्हॉल्व्ह हवेची फुंकर मारून तेवढाच दाणा बाजूला उडवतो. व्हॉल्व्ह गेला की फुंकर गेली, काळा दाणा चांगल्या तांदळात. ती मशीनं चीनची आणि त्यांचे पार्ट तुम्ही मागवायचे. एवढ्यासाठी गोंदियाजवळच्या कुडव्यातला माणूस चीनच्या तिथ्या पाठ करून बसला होता.

मला तो पहिला हंगाम आठवतो. दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. एका मिलचं मशीन ऐन धानाच्या दिवसांत बंद पडलं, तुम्ही फोनवर फोन लावता आणि चीनमधून कोणी उचलत नाही. आठ दिवस. मिलवाल्या शेटजींनी तुम्हाला सगळ्यांदेखत बोल लावले. नवव्या दिवशी लिनचा मेसेज आला की आमचं नवीन वर्ष होतं, मी गावी आईवडिलांकडे गेले होते. मी म्हटलं, सांगून जाता येत नव्हतं का तिला? तुम्ही हसलात. “आपन दिवाळीत फोन उचलतो का?” म्हणालात, आणि बाजारातून ड्रॉइंगचा मोठा कागद आणून पट्टीनं बारा महिने आखायला बसलात.

पार्ट मागवण्यापुरत्या तारखा लिहिल्या असत्या तर मी काही बोलले नसते. तुम्ही मात्र लिनला विचारत सुटलात, हा सण कशाचा, त्या दिवशी काय रांधतात, घरी कोण येतं. त्यांच्याही तिथ्या आपल्यासारख्या चंद्रावर चालतात, दरवर्षी पुढेमागे होतात, हे कळलं त्या दिवशी तर तुम्ही शेजारच्या पंक्चरवाल्यालाही बोलावून सांगितलंत. लिन दरवर्षी शेवटच्या खोक्यात एक लाल चौकोनी कागद टाकायची, त्यावर सोनेरी अक्षर, सुखाचं. तुम्ही तो दुकानाच्या दारावर उलटा लावलात. मी म्हटलं, अहो, उलटा लागला. तर म्हणालात, उलटाच लावायचा, त्यांच्या भाषेत ‘उलटं झालं’ आणि ‘आलं’ हे शब्द सारखेच ऐकू येतात, म्हणजे सुख आलं. तुम्ही मला फसवता आहात असं मला दोन वर्षं वाटत होतं.

आणि ते पानातले भात. आपल्या ज्येष्ठाच्या आसपास त्यांचा होड्यांच्या शर्यतीचा सण येतो, तेव्हा चिकट तांदूळ पानात त्रिकोणी बांधून उकडतात. तुम्ही पळसाची पानं घेऊन आलात. आपला चिन्नोर तांदूळ, मोकळा, सुवासिक, तो कशाला चिकटून बसतोय? मी दुपारभर सुतळीनं बांधत होते आणि पातेल्यात एकेक पुडकं सुटत होतं. शेवटी पानं एकीकडे, भात दुसरीकडे. तुम्ही तो गाळून, मीठ घालून खाल्लात आणि लिनला फोटो पाठवलात. तिनं उलट लिहिलं की असा पदार्थ मी जन्मात पाहिला नाही. मला फार राग आला होता तेव्हा. इतका की मी तुम्हाला म्हटलं, हंगामात मिलवाले तुमची वाट पाहतात, आणि तुम्ही परक्यांचे सण करत बसता, आपले कमी आहेत का? तुम्ही म्हणालात, “जिच्या हातानं आपलं पोट चालते, तिचा सन मालूम नको का?” अजूनही वाटतं, तुम्ही थोडे जास्तच करत होता. हा वाद मी सोडलेला नाही, लक्षात असू द्या.

ज्या वर्षी जगभर सगळं बंद होतं, त्या वर्षी लिनचे वडील जाऊन सहाच महिने झाले होते. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्याकडे एक सण येतो, छिंगमिंग, त्या दिवशी लोक आपल्या माणसांच्या कबरीवर जाऊन ती जागा झाडतात, गवत उपटतात, आवडीचं खायला ठेवतात. लिनला गावी जाता येत नव्हतं. तुम्ही तिला विचारलंत, वडिलांचं नाव काय? आणि दुकानात, पार्टच्या रॅकवर, ते नाव घेऊन उदबत्ती लावलीत. तेव्हापासून दरवर्षी. स्वतःच्या वडिलांच्या श्राद्धाचा दिवस तुम्ही एकदा विसरलात, पण लिनच्या वडिलांचा नाही, असं आई अजून म्हणतात, आणि ते खरं आहे.

त्याच वर्षी पुढे सरहद्दीवरून वाईट बातम्या आल्या आणि पाच-सहा पोरं दुकानासमोर गाड्या लावून उभी राहिली. हे चीनचं कॅलेंडर उतरवा, म्हणाली. तुम्ही काउंटरच्या बाहेर येऊन त्यांच्यापुढे उभे राहिलात.

“जवान गेले त्याचं मलेबी दुख हाय,” तुम्ही म्हणालात. “पन ते लिननं नाई केलं. तुमच्या घरचा तांदूळ ज्या मिलमंदी जाते, तिथं जाऊन पाहा मशीन कोनती हाय. ते बंद करा, मंग माझ्याकडं या.”

पोरं पुन्हा येऊ म्हणून गेली. तुम्ही दुपारी मिलवर गेलात आणि मी स्टूलवर चढून ते कॅलेंडर काढलं, गुंडाळून तांदळाच्या ड्रमामागे ठेवलं. संध्याकाळी तुम्ही भिंतीकडे पाहिलंत. शोधून काढलंत, आणि आधी एका खिळ्यावर होतं ते चार खिळे ठोकून लावलंत. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा मागितलात, आणि पुन्हा त्यावर बोलणं झालंच नाही.

तुम्हाला वाटलं असेल, भेकड बायको मिळाली. मी त्या पोरांना भ्यायले नव्हते. त्यातला एक तर मी कडेवर खेळवलेला होता. मला तुमची भीती वाटत होती, तुम्ही मागे सरणार नाही याची. हे सांगायला मला इतकी वर्षं मिळाली होती आणि मी सांगितलं नाही. आता सांगते आहे तर ऐकणारा नाही. बरं, नसू दे. चूक माझी होती. कॅलेंडर काढायला नको होतं.

तेरवी झाली. पंगत उठल्यावर भावजींनी विषय काढला. शटर भाड्यानं देऊन टाकू, मोबाइलवाला एक जण तयार आहे, वहिनी, तुम्ही घरी आरामात राहा. मी म्हटलं, खोकं निघालं आहे.

“कोनतं खोकं?”

“चीनवरून. लिननं फॅक्टरी बंद व्हायच्या दिवशी पाठवलं.”

तिनं काय केलं होतं ते मला नंतर कळलं. तिची गावची गाडी दुपारची होती. पॅकिंगवाले आदल्या दिवशीच गेले होते. तिनं स्वतः गोदामात जाऊन व्हॉल्व्ह मोजले, खोकं बांधलं, कुरिअरवर टाकलं आणि धावत स्टेशन गाठलं. मेसेजमध्ये एवढंच लिहिलं होतं, ‘साओझ, सामान निघाले.’ साओझ म्हणजे त्यांच्याकडे वहिनी, तुम्हीच सांगितलं होतंत. आमच्या घरात त्या दिवशी दोन डझन माणसं मला वहिनी म्हणणारी होती.

खोकं आलं ते बरोबर त्यांच्या नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी. मी उघडून सगळं काढलं, लाल कागद शोधला. नव्हता. घाईत विसरली असेल असं मला वाटलं. मग मी मागच्या वर्षीचा, तुम्ही जपून ठेवलेला, ड्रॉवरमधून काढला आणि सकाळी दारावर लावला. उलटा.

भावजी गाडी लावत होते, तिथेच थबकले. “वहिनी, हे काय लावून राहिल्या? लाल? दादाले जाऊन महिना नाई झाला. घरात वरीसभर सन नसते.”

“आपले नसते,” मी म्हटलं. “संक्रांत झाली, आता होळी नाई, अखाडी नाई, पोळा नाई, दिवाळी नाई. समदं मान्य. चीनचे सन कोनं बंद केले? दाखवा कुठं लिवलं हाय ते.”

ते आईंकडे पाहायला लागले. आई दारात होत्या. त्यांना ते लागलं, हे मला कळलं. आत जाऊन त्यांनी देवघराचा पडदा ओढून घेतला.

मला त्या दिवशी फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. वाटलं, कपाळ पुसलं, हिरव्या बांगड्या काढल्या, लग्नाच्या पत्रिका घेऊन येणारे लोक अंगणातूनच भावजींना हाक मारायला लागले, पण हे एक दार माझं आहे आणि त्यावर कोणाचा कायदा नाही. दुपारी लिनचा व्हिडिओ कॉल आला. ती तिच्या गावच्या घरात होती, मागे तिची आई काहीतरी चिरत बसली होती. मी फोन फिरवून मोठ्या तोऱ्यात दार दाखवलं.

लिननं दाराकडे निरखून पाहिलं. मग तिनं हळू काही म्हटलं, आणि फोनमधल्या भाषांतरवाल्या बाईच्या आवाजात मराठी आलं, ‘आमच्याकडे मृत्यू झालेल्या घरी लाल कागद लावत नाहीत. काही गावांत तीन वर्षे. म्हणून मी पाठवला नाही.’

अहो, मला काय वाटलं ते कसं सांगू. इतक्या लांब गेले आणि तिथेही आईच बसलेल्या. त्यांचं तर तीन वर्षं, आपलं एकच. लिननं वडिलांच्या वेळी स्वतः लावला नव्हता. आणि मी आपली त्यांच्याच सणाच्या नावानं घरच्यांशी भांडून मोकळी झालेले.

“काढू का?” मी विचारलं.

लिननं मागे वळून तिच्या आईला काही सांगितलं. म्हातारीनं चाकू थांबवला, फोनकडे पाहिलं, काही बोलली. फोनमधली बाई म्हणाली, ‘आई विचारते, हा कागद कोण लावायचे?’

“हे लावत होते. दर साली.”

मग त्या दोघी आपसात बराच वेळ बोलल्या, ते फोनला समजलं नाही. मी थांबले नाही. मी म्हटलं, लिन, राहू दे. तुमची रीत मोडली, आमचीही मोडली. मी सण म्हणून लावलाच नाही आता. ते लावायचे, म्हणून लावला आहे. ज्याला दुखेल त्यानं दुसऱ्या रस्त्यानं जावं.

हे सगळं भाषांतर झालं की नाही मला माहीत नाही. लिन डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी मी व्हॉल्व्हची पेटी स्कूटीवर पायांपाशी ठेवून मिलवर गेले. तुमच्या मागे बसून कितीदा गेले होते, पण पान्हा हातात धरून कधी नाही. दुकानात टेस्टिंग मीच करायचे, कोणता व्हॉल्व्ह टक् करतो आणि कोणता नुसताच फुसकतो हे मला तुमच्यापेक्षा आधी ऐकू यायचं, तुम्हीच म्हणायचा. शेटजी धावत बाहेर आले. पहिल्या हंगामात तुम्हाला बोलले होते, तेच शेटजी.

“भाभीजी, आप खुद? किसी को भेज देतीं.”

“मशीन को क्या मालूम कौन आया है, शेटजी. हवा बंद करवाइए.”

दोन तास लागले. तुम्हाला पाऊण लागायचा. चार व्हॉल्व्ह मी उलटे बसवले होते, ते पुन्हा काढले. पण मशीन सुरू झालं तेव्हा चांगला तांदूळ समोरून आणि काळा दाणा मागच्या डब्यात पडला. मी मूठभर तांदूळ हातात घेऊन उन्हात पाहिला. एकही काळा नव्हता. तुमची मला त्या क्षणी जितकी आठवण आली तितकी तुमच्या चितेच्या धुराकडे अंगणातून पाहतानाही आली नव्हती. धूर लांब होता. इथे तुम्ही अगदी बाजूला असायला हवे होतात आणि नव्हतात.

परवा छिंगमिंग झाला. मी रॅकवर लिनच्या वडिलांसाठी उदबत्ती लावली, तुम्ही लावायचा तशी. तेवढ्यात तिचा मेसेज आला. ती कबरीवर निघाली होती. तिनं लिहिलं होतं, ‘बाबांच्या शेजारी मी भाऊंचेही नाव घेणार आहे. पण मला उच्चार येत नाही. साओझ, तुम्ही बोलून पाठवा.’

मी फोन हातात घेऊन उभी राहिले. सव्वीस वर्षांत मी तुमचं नाव घेतलं नाही, उखाण्यातही कसंबसं. बँकेत विचारलं तरी पासबुक पुढे सरकवायचे. आता कोणाची आण होती? मी बटण दाबलं आणि म्हटलं, खेमराज. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं, दुकानभर ऐकू जाईल असं. खेमराज. लिनचं उत्तर आलं, ‘खेमुलाज’. मी म्हटलं, चालेल, तेवढ्यावर ते येतील.

मागे आई उभ्या होत्या. “नाव घेतलंस त्याचं,” म्हणाल्या.

“हो. तिले सांगाचं व्हतं.”

मग मी खराटा घेतला, तुम्हाला आवडतो तो चौकातला आलुबोंडा कागदात बांधून घेतला आणि स्कूटीनं नागऱ्याच्या स्मशानाकडे निघाले. बायका तिथे जात नाहीत हे मला माहीत आहे. तुम्हाला नेलं तेव्हा मला अंगणातूनच परत फिरवलं होतं. लहान तळ्याच्या, बोडीच्या पाळीला लागले तर मोहाच्या झाडांखाली बायका झाडत होत्या, फुलं मातीत पडू नयेत म्हणून. माझ्या हातात खराटा पाहून एकीनं विचारलं, “मोहं येचाले आल्या का बाई?”

“नाई. नवऱ्याची जागा झाडाले आली.”

तिनं हातातला खराटा खाली टेकवला आणि मला वाट सांगितली, कारण मला वाटही माहीत नव्हती.

जागा मी ओळखली ती अजून काळी असलेल्या जमिनीवरून. वाळलेली पानं, कोणाची तरी प्लास्टिकची पिशवी, फुटकं मडकं, काटेरी रान. मी पदर खोचला आणि झाडलं. गवत हातानं उपटलं, मडक्याचे तुकडे कडेला रचले. आलुबोंडा मधोमध ठेवला. घाम पुसत बसले आणि मोठ्यानं सांगितलं तुम्हाला, व्हॉल्व्ह पुरतील, चीनची दसऱ्याआधीची सात दिवसांची सुट्टी लक्षात आहे, शटर भाड्यानं जाणार नाही. भांडायचं असेल तर इथेच यायचं, मी दरवर्षी येणार आहे. एक कुत्रं आलुबोंड्याकडे पाहत बसलं होतं. जाताना मी त्याला हाकललं नाही.

घरी आले तर आई ओसरीवर होत्या. खराट्याकडे पाहिलं, माझ्या मातीच्या हातांकडे पाहिलं. मी पाय धुवायला नळाकडे वळले, काही ऐकून घ्यायची तयारी ठेवून. आईंनी विचारलं,

“जागा साफ व्हती का?”

“नव्हती,” मी म्हटलं. “आता हाय.”